पक्के बिल आणि दुकानदाराचा बचाव

अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घ्यायला आला की छोटा दुकानदार एकच गोष्ट सांगतो, "साहेब, माल मी बनवला नाही. वरून आला तसा विकला." म्हणणे खरे असेल, पण बिल नसेल तर ते सिद्ध कसे होणार? किराणा, मिठाई, बेकरी, तेल-मसाल्याच्या धंद्यातील बांधवांनी म्हणून हा कायदा समजून घ्यावा.

१९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन ५ ऑगस्ट २०११ पासून २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा लागू झाला. त्यात सदोष मालाचे तीन प्रकार आहेत.

पहिला, कमी दर्जाचा माल. म्हणजे ठरलेल्या मानकात न बसणारा, पण घातक नसलेला. दंड ५ लाख रुपयांपर्यंत. दुसरा, मिथ्याछाप माल. म्हणजे लेबल एक आणि आत दुसरे. वनस्पती तेलापासून केलेला पदार्थ पनीर म्हणून विकणे हा त्यातलाच प्रकार. दंड ३ लाखांपर्यंत. तिसरा, असुरक्षित माल. येथे तुरुंग आहे. ग्राहक दगावल्यास किमान ७ वर्षे, वेळप्रसंगी जन्मठेप, आणि दंड १० लाखांहून कमी नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळल्याने साठाहून अधिक माणसे मेली. तेव्हा ही शिक्षा कठोर म्हणता येणार नाही.

आता बचावाचे पाहू. कलम २६ प्रमाणे माल देणाऱ्याने दर्जाची लेखी हमी द्यायची असते, आणि बिलावर हमीचे शब्द नसले तरी बिल हीच हमी मानली जाते. उलट कलम २७ म्हणते, माल कोणाकडून आला हे दाखवता आले नाही तर जबाबदार विक्रेताच. दोन पैसे वाचवण्यासाठी बिनबिलाचा माल घेणारा दुसऱ्याचा गुन्हा आपल्या अंगावर घेतो.

तरीही बिल म्हणजे माफीनामा नव्हे. मुदत संपलेला, चुकीच्या लेबलाचा किंवा घाणीत ठेवलेला माल विकला तर बिल दाखवून सुटका नाही. आम्ही कापडवाले तागा घेताना किनारीवरचा शिक्का वाचतो, तसेच पाकीट घेताना उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि तारीख वाचावी.

नमुना घेताना घाबरू नये, हुज्जतही घालू नये. नमुन्याची किंमत मिळते. त्याचे चार भाग करून सील होतात. एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, अशी मागणी दुकानदार करू शकतो. अहवाल विरुद्ध गेला तर ३० दिवसांत अपील करता येते.

बिलांची फाईल गल्ल्याजवळ ठेवावी. जो घाऊक व्यापारी बिल देत नाही, त्याचा माल कितीही स्वस्त असो, घेऊ नये.