फराहबाग : एक महाल, तीन ऋतू आणि रात्र

ऐतिहासिक वास्तूचे छायाचित्र म्हटले की भर दुपारी, समोरून, निळ्या आकाशाखाली काढलेले कॅलेंडरवरचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. त्यातून वास्तूचा आकार कळतो, स्वभाव मात्र कळत नाही. राजेरजवाड्यांनी महाल बांधले ते सकाळ-सांज, उन्हाळा-पावसाळा आणि चांदण्या रात्री उपभोगण्यासाठी. म्हणून त्यांचे चित्रणही त्या त्या वेळीच व्हायला हवे.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. अहिल्यानगर शहराच्या आग्नेयेस निजामशाहीचा फराहबाग महाल उभा आहे. अनेक वर्षे रखडलेले त्याचे काम मुर्तजा निजामशहाच्या काळात, १५८३ मध्ये पूर्ण झाले. उंच कमानींचा हा अष्टकोनी महाल एका मोठ्या तळ्याच्या मधोमध बांधला होता. आज तळे कोरडे आहे. पाण्यातील प्रतिबिंब हे या महालाचे अर्धे अंग होते, ते आपण गमावले आहे. कोरियाच्या राजधानीत, सोल येथे, ग्योंगबोकगुंग नावाचा राजवाडा आहे. तेथे तळ्यात ४८ दगडी खांबांवर एक प्रशस्त मंडप उभा आहे. ते तळे आजही भरलेले असते. ठरावीक दिवशी राजवाडा रात्री खुला ठेवतात, तेव्हा दिव्यांनी उजळलेला मंडप पाण्यात उलटा दिसतो आणि त्याच्या चित्रासाठी लोकांची झुंबड उडते. पाणी राखले तर केवढे वैभव राखले जाते, हे त्यावरून ध्यानी येते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पहिला नियम असा की, जागा एकच धरावी. एखादा दगड खूण म्हणून ठरवून दर ऋतूत तेथूनच, त्याच उंचीवरून चित्र घ्यावे. म्हणजे बदल दिसतो तो ऋतूचा, आपल्या पायांचा नव्हे. मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, कमानी काळ्याठिक्कर दिसतात; तेव्हा सकाळी लवकर किंवा सूर्यास्तापूर्वीचा तास गाठावा. पावसाळ्यात ढगांतून गाळून आलेला प्रकाश सौम्य असतो. ओला दगड गडद होतो आणि गिलाव्यातील बारकावे उठून दिसतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, सावल्या लांब पडतात आणि कमानींची खोली कळते.

रात्रीचे चित्रण अवघड असते. पौर्णिमेचे चांदणे सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखांश इतकेच असते. उन्हात सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, तेथे रात्री कित्येक सेकंद लागतात. एवढा वेळ हात स्थिर राहत नाही. कॅमेरा किंवा मोबाइल तिपाईवर अथवा भिंतीवर टेकवावा आणि टायमर लावून हात काढून घ्यावा. संरक्षित स्मारकात सूर्यास्तानंतर थांबता येत नाही व तिपाईला परवानगी लागते, हे ध्यानात ठेवावे. म्हणून सूर्यास्तानंतरची पंधरा-वीस मिनिटे, आकाश निळसर असताना, बाहेरच्या रस्त्यावरून साधावी. सरावासाठी आपल्या नेवाशातील मोहिनीराजाचे मंदिर आहेच. माघातील यात्रेच्या दिव्यांत त्याचे शिखर टिपून पाहावे.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्या घरात आजोबांचे एकही छायाचित्र नाही. ते कसे दिसत, हे आजी सांगते तेवढेच आम्हाला ठाऊक. आजी गेल्यावर तेही जाईल. वास्तूंचेही असेच आहे. गिलावा दर पावसाळ्यात थोडाथोडा गळतो आणि यंदा काय गळले, हे गतवर्षीचे चित्र असेल तरच सिद्ध करता येते. तळे सांगायला तर आता आजीसुद्धा उरलेली नाही.

आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात कॅमेरा आहे. प्रत्येकाने आपल्या गावची एक वास्तू निवडून वर्षातून चार वेळा एकाच जागेवरून टिपली, तर दहा वर्षांत आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तालुक्याचा असा दप्तरखाना उभा राहील की जो विकत मिळणार नाही. येत्या पावसाळ्यापासून आरंभ करू या.