उनकेश्वर: पैनगंगेकाठचं गरम पाणी

माहूरला जाणारी बहुतेक मंडळी रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया असं दर्शन आटोपतात आणि वेळ उरलाच तर उनकेश्वरला जातात. त्या उरलेल्या वेळात गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवणं होतं, एखादा फोटो होतो आणि गाडी परत फिरते. माझं सांगणं उलटं आहे. एक अख्खी सकाळ उनकेश्वरला द्या आणि माहूर त्यानंतर करा.

गाव नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी आहे. नांदेडहून भोकर, हिमायतनगर, इस्लापूर करत किनवट गाठायचं आणि पुढे मांडवीच्या बाजूला वळायचं. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गही किनवटवरूनच जातो, त्यामुळे रेल्वेने येऊन पुढे जीप किंवा एसटी पकडता येते. फक्त परतीच्या गाडीची वेळ स्थानकावर उतरल्या उतरल्या विचारून ठेवा. लातूरकरांनी अहमदपूर, लोह्यामार्गे आदल्या दिवशीच निघून किनवटला किंवा माहूरच्या भक्तनिवासात मुक्काम करावा. पहाटे लातूर सोडून दुपारी कुंडावर पोचण्यात काही हशील नाही. डोक्यावर ऊन आणि अंगाला गरम पाणी, दोन्ही एकदम सोसत नाही. पेट्रोल किनवटलाच भरून घ्या. जंगलपट्ट्यात फोनला रेंज मिळेलच असं नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. अंगात हुडहुडी भरलेली असताना कुंडाच्या पायऱ्या उतरण्याचं सुख वेगळंच आहे. थोडं उशिरा, फाल्गुनाकडे गेलात, तर वाटेत सागाची पानगळ आणि पेटलेला पळस दिसेल. महाशिवरात्रीला मात्र गर्दी असते. निवांत आंघोळ करायची असेल तर तो दिवस टाळा.

इथली कथा शरभंग ऋषींची. त्यांच्या अंगाला व्याधी जडली, रामाने बाण मारून जमिनीतून गरम पाणी काढलं आणि ऋषी बरे झाले, असं गावकरी सांगतात. कथेइतकाच मोलाचा आहे तो इथला यादवकाळचा मराठी शिलालेख. तो देवगिरीच्या रामचंद्रदेवाच्या काळातला, आणि त्याची कारकीर्द 1271 ते 1311. म्हणजे सातशे वर्षांहून अधिक काळ या जागेची महती नोंदलेली आहे. मंदिराच्या परिसरात कोरीव दगड दिसले तर त्यावर खडू घासू नका, तेल ओतू नका. सकाळचं तिरपं ऊन पडलं की अक्षरं आपोआप उठून दिसतात.

पाणी तापतं कसं? खाली ज्वालामुखी धुमसतोय असं पुष्कळांना वाटतं. पण दख्खनचा काळा पाषाण घडवणारे लाव्हाचे थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, ते केव्हाच निवलेत. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल मुरतं. जमिनीच्या पोटात दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंशांनी उष्णता वाढते. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येतं आणि येताना खडकातले क्षार विरघळवून घेऊन येतं. त्या पाण्यात स्वतःची जीवसृष्टीही असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी इथल्या जिवाणूंचा जनुकीय अभ्यास 2016 साली प्रसिद्ध केला.

म्हणूनच साबण, शाम्पू, उटणं यांतलं काहीही कुंडात नको. कपडे धुणं तर नकोच. शाम्पूच्या रिकाम्या पुड्या पाण्यात टाकणाऱ्यांना मोठ्याने हटकायला मी कचरत नाही, तुम्हीही कचरू नका.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. इथे खरूज, इसब, सोरायसिस असलेली माणसं आशेने येतात. त्यांच्याकडे टक लावून बघू नका, त्यांचे फोटो काढू नका. हे कुंड सहलीला आलेल्या आपल्यापेक्षा त्यांचं जास्त आहे. कोमट पाण्याने खाज शमते, कातडी मऊ पडते, बरं वाटतं. पण औषध बंद करून पाण्याच्या भरवशावर राहू नये. कुष्ठरोग असेल तर त्याचे उपचार सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. अंगावर उघडी जखम असेल तर कुंडात उतरू नका. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावं. आधी पाय, मग कंबर, असं हळूहळू. दहा-पंधरा मिनिटं पुरे. बाहेर येताना झटकन उभं राहू नका, चक्कर येते. डोकं बुडवू नका आणि मुलांनाही बुडवू देऊ नका. गरम गोड्या पाण्यात एक अमिबा असू शकतो, तो नाकावाटे मेंदूत शिरतो. आजार दुर्मीळ आहे, पण झाला तर बहुतेक जिवावरच बेततो. पाणी पिऊही नका.

सोबत टॉवेल, कोरडे कपडे, रबरी चप्पल आणि पिण्याचं पाणी हवं. बायकांनी अंगभर, गडद रंगाचा सुती ड्रेस आणावा. आंघोळीनंतर भूक सडकून लागते. वाटेवरच्या छोट्या खानावळीत ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी मिळाली तर दुसरं काही मागू नका. हा मुलूख गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा वस्त्यांचा आहे. गोरमाटी, गोंडी, तेलुगू आणि मराठी एकाच बाजारात कानावर पडतात. वस्तीत शिरायचं तर आधी विचारा.

पावसाळ्यात आलात तर परतताना इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा जोडून घ्या. पैनगंगा तिथे काळ्या कातळावरून फुटून खाली झेपावते. कातळ शेवाळलेला असतो, कडेला जाऊ नका. नदीच्या वरच्या अंगाला इसापूर धरण आहे. त्यातून पाणी सोडलं की आभाळ कोरडं असतानाही नदी अचानक चढते. पात्रात उतरण्याआधी काठावरच्या दुकानदाराला विचारा, आणि तो नको म्हणाला तर वरूनच बघून निघा.