शाळा कोणाची?

‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण आपणांस ठाऊक आहे. ती शाळेच्या भिंतींनाही कशी लागू पडते, हे प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे.

आफ्रिका खंडातील केनिया हा देश १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला. ‘हरांबे’ हे त्या राष्ट्राचे ब्रीद. ‘सारे मिळून ओढू या’ असा या स्वाहिली शब्दाचा आशय आहे. सरकारी माध्यमिक शाळा अपुऱ्या होत्या. तेव्हा खेड्यापाड्यांतील गरीब लोकांनी वर्गणी जमविली, अंगमेहनत केली आणि गावोगाव ‘हरांबे’ शाळा उभारल्या. परंतु कित्येक ठिकाणी भिंती उभ्या राहिल्या, तरी प्रशिक्षित शिक्षक मिळेनात. प्रयोगशाळा व पुस्तके यांचीही वाण पडली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. इमारत उभारणे हा आरंभ होय. शाळा चालविणे हे त्याहून दीर्घ व्रत आहे. दुरून आलेला स्वयंसेवक काम संपताच परत जातो. हे व्रत तेथे राहणाऱ्यांनाच पाळावे लागते.

हेच तत्त्व महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी आधीच आचरणात आणले होते. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव मिळाले. मुलांच्या भोजनाची ददात पडली, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडण्यास दिले. मुलेही स्वस्थ बसत नसत. ती शेतात राबत, दगड फोडीत, इमारतींच्या कामास हात लावीत. ‘कमवा आणि शिका’ ही केवळ घोषणा नव्हती. आपल्या घामाने उभी राहिलेली शाळा आपली वाटते, हा त्यातील मर्माचा भाग होता.

आमच्या हैदराबादचा इतिहासही याहून निराळा नाही. निजामी राजवटीत उर्दूचे प्राबल्य होते. येथे तारनाक्यालगत असलेले उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. अशा काळात १९०७ साली सुरू झालेली विवेकवर्धिनी शाळा मराठी समाजाने जगविली आणि वाढविली. केशवराव कोरटकर व वामनराव नाईक यांची नावे या कार्याशी कायमची जोडलेली आहेत.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. गेल्या उन्हाळ्यात काही माजी विद्यार्थी एका गळक्या वर्गाची डागडुजी करण्यास आले. ते चुना कालवीत होते, आणि आम्ही सावलीत उभे राहून सूचना देत होतो! सातवीतील एका मुलाने विचारले, “सर, आपण काय करायचं?” आम्ही ओशाळलो आणि निमूटपणे बादली उचलली. आमची मायबोली कोकणी. मराठी आम्हांस दिली ती शाळेनेच. ते ऋण नुसत्या सूचनांनी कसे फिटावे?

आज आमच्या वर्गांतील पट घटत आहे. छप्पर दुरुस्त झाले, पण त्याखाली मुले बसतील तरच ते सार्थकी लागले असे म्हणावयाचे. म्हणून पालकहो, देणगी अवश्य द्यावी. परंतु आपले मूलही द्यावे. आणि विद्यार्थ्यांनो, ‘शाळा कोणाची?’ या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहू नका. उद्या वर्ग झाडताना द्या.