बाळ काचेत, आई मालवणात

सिंधुदुर्गात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात सिस्टर म्हणून काम करताना आईबापांशी बोलायचं कसं, हे मी हळूहळू शिकले. त्यातलं थोडं इथे लिहिते.

१. आईला बातमी थेट द्यावी. देवबागची, आचऱ्याची बाई मालवणात बाळंत होते. बाळ दिवसांआधी आलेलं, धाप लागलेली, म्हणून त्याला ओरोसला आमच्या कक्षात हलवतात. सोबत बाप आणि आत्या. टाके पडलेली आई मागेच राहते. बाप फोनवर तिला म्हणतो, "बरां असा गो, काळजी करू नको." आवाजावरून तिला कळतंच की काहीतरी लपवलंय, आणि मग ती त्याहून वाईट मनात आणते. म्हणून मी त्याचाच फोन घेऊन तिच्याशी बोलते. वजन एक किलो चारशे, श्वासाला मशीनचा आधार आहे, अंगाचा रंग चांगला आहे. पलीकडून प्रश्न येतो, "रडता मा?" रडतंय म्हटलं की तिचा श्वास मोकळा झालेला ऐकू येतो. मग लगेच दुधाचं बोलते: दर दोन-तीन तासांनी काढ, उकळलेल्या भांड्यात झाकून ठेव. कोण आणणार, तेही त्याच फोनवर ठरवून घेते. मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली दूधपेढी सुरू केली, ती अशाच बाळांसाठी. आमच्याकडे आईचं दूध वेळेवर पोचणं हे बहुतेक त्या एका फोनवर असतं.

२. रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो एकाच डॉक्टरांनी बोलावं. सकाळी "स्थिर आहे" आणि रात्री "सांगता येत नाही" ऐकलेला बाप पायरीवर जागाच राहतो.

३. पहिल्या दिवसांत वजन घटतं, हे घटण्याआधी सांगावं. नाहीतर आजीला वाटतं, बाळाला उपाशी ठेवलं.

४. "गंभीर आहे, सही करा" एवढ्यावर संमती उरकणं मला मान्य नाही. कशासाठी सही, हे बापाने आपल्या शब्दांत सांगितल्यावरच कागद पुढे करावा.

५. आईबापांना आत घ्यावं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे. जाळी ओढून घट्टे पडलेले हात बाप कोपरापर्यंत साबणाने धुतो, तरी बाळाला लावायला भितो. कांगारू पद्धतीने बाळ त्याच्या उघड्या छातीवर ठेवलं की थोड्या दिवसांत तोच मला सांगू लागतो, "सिस्टर, आज ता दूध घेताना दमता." असं सांगणं मी नोंदीत लिहून ठेवते आणि डॉक्टरांच्या कानावर घालते.

६. घरी जाताना आनंदात अर्धं ऐकलं जात नाही. दोन किलोखालच्या किंवा ३४ आठवड्यांआधीच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा चौथ्या आठवड्यापर्यंत तपासावाच लागतो. उशीर झाला तर नजर जाऊ शकते. कार्डावर ती तारीख आणि जागा लिहून घेतल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नका.