रीस्टार्टला हात लावण्याआधी

पोरी, पुढच्या महिन्यापासून रात्रीचा फोन तुझ्याकडे येणार. सॅपच्या आयसीएम नावाच्या एका कोपऱ्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते त्याआधी तुझ्या कानावर घालून ठेवतो. पॅरामीटरची नावं तुला कुठेही सापडतील. कुठला पॅरामीटर कधी हलवायचा नाही, हे मात्र कुणीतरी सांगावं लागतं.

फोन बहुतेक वेळा डिस्पॅचकडून येतो. पंचवीस टन सळई भरलेली गाडी काट्यावर उभी असते. वजन झालेलं असतं, सॅपमध्ये बिल तयार असतं, पण पोर्टलकडून आयआरएन, म्हणजे ई-इन्व्हॉईसचा नंबर, येत नसतो. आयआरएन नाही म्हणजे बिलावर क्यूआर नाही, ई-वे बिल नाही, गेटपास नाही. एवढा माल ई-वे बिलाशिवाय रस्त्यावर सापडला तर जीएसटीच्या कलम १२९ खाली गाडी मालासकट अडवतात. म्हणून ड्रायव्हर गेटबाहेर चाक काढत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. काटा एकच असल्यामुळे मागे भंगाराच्या गाड्यांची रांग लागते, भंगार आत आलं नाही की भट्टीवाले ओरडायला लागतात. दहा मिनिटांत चार माणसं तुला एकच गोष्ट सांगतात : ‘सर्व्हर डाऊन आहे, रीस्टार्ट मारा.’

मारू नकोस. निदान तेव्हाच नको.

ई-इन्व्हॉईस १ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं तेव्हा ते ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांनाच होतं. मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. जालन्याच्या एमआयडीसीतली सळईची म्हण, बियाण्यांची म्हण, बहुतेक सगळी बिलं आता सरकारी पोर्टलच्या होकाराशिवाय हलत नाहीत. पूर्वी इंटरनेट गेलं तर मेल उशिरा जायचा, आता गाडी उभी राहते. म्हणून आयसीएम, म्हणजे इंटरनेट कम्युनिकेशन मॅनेजर, ज्याच्याकडे पूर्वी वर्षभर कुणी फिरकत नसे, तो रोज बघायची गोष्ट झाला आहे.

आयसीएमचं काम आपल्या गेटवरच्या माणसासारखं आहे. तो सळई ओढत नाही, वजन करत नाही. आत येणाऱ्याला योग्य खात्याकडे पाठवतो आणि बाहेर जाणाऱ्याला वाट करून देतो. ब्राउझरमधून येणारी प्रत्येक विनंती त्याच्याकडून आत जाते आणि सॅपमधून पोर्टलकडे जाणारी प्रत्येक विनंती त्याच्याकडून बाहेर पडते. गेटवर गर्दी दिसली म्हणून दोष गेटचाच, असं धरून चाललीस तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी होईल.

म्हणून फोनवरच पहिली छाननी कर. विचार, की सॅप गुई चालतंय का? गुई डिस्पॅचरच्या पोर्टवर येतं, इन्स्टन्स ०० असेल तर ३२०० वर, त्याचा आयसीएमशी संबंध नाही. ब्राउझरवाले फिओरीतून ८००० किंवा ४४३०० वर येतात, ते आयसीएममधून. गुईही बंद असेल तर आयसीएम सोडून दे, डेटाबेस आणि डिस्पॅचर बघ. गुई चालू, पण फिओरी आणि आयआरएन दोन्ही बंद, तर संशय आयसीएमवर. फिओरी छान चालतंय आणि फक्त आयआरएन येत नाही, तर दुखणं आपल्या गेटच्या बाहेर आहे. तिथे रीस्टार्टने काही साधणार नाही. डिस्पॅचच्या पोराला स्क्रीनचा फोटो पाठवायला सांग. ‘एरर येतेय’ एवढ्यावर कधी काम सुरू करू नकोस.

मग लॅपटॉप उघडून एसएमआयसीएम या आयसीएमच्या पडद्यावर जा. वर स्थिती दिसते, खाली तीन ओळी असतात : थ्रेड, कनेक्शन आणि रांग. प्रत्येकाचा आत्ताचा आकडा, सुरू झाल्यापासूनचा सर्वोच्च आकडा आणि मर्यादा. हे नऊ आकडे आधी वहीत उतरव, वेळेसकट. या आकड्यांना एकटं काही बोलता येत नाही. मंगळवारी सकाळी अकरा वाजता आपल्याकडे किती थ्रेड लागतात, महिनाअखेरच्या रात्री किती आणि ३१ मार्चला किती, हे माहीत असेल तरच आजचा आकडा जास्त की कमी ते कळतं. वही ठेवायचा कंटाळा सगळ्यांना येतो. मी तरीही आग्रह धरतो, कारण सगळं सुरळीत असतानाचे आकडे बिघाड झाल्यावर कुठूनही आणता येत नाहीत.

त्याच पडद्यावरून सर्व्हिसेस बघ. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस दोन्ही चालू आहेत का? नुसतं एचटीटीपीएस बंद असेल तर प्रमाणपत्राची फाईल किंवा क्रिप्टो लायब्ररी बघ, नाहीतर तो पोर्ट दुसऱ्याच कुठल्या प्रोग्रामने धरलेला असतो.

थ्रेड मर्यादेला टेकलेत आणि रांग वाढते आहे, असं दिसलं की हात आपोआप मर्यादा वाढवायला जातो. बाहेरून येणारे सल्लागारही तेच सांगून जातात. मला ते पटत नाही. आधी थ्रेडची यादी उघड, कोण कशात अडकलंय ते बघ, आणि लगेच एसएम५० मध्ये मागच्या वर्क प्रोसेस बघ. एखाद्याने महिनाअखेरीला वर्षभराचा स्टॉक रिपोर्ट लावला असेल आणि डायलॉग प्रोसेस सगळ्या भरल्या असतील, तर आयसीएमने विनंत्या द्यायच्या कुणाला? मागे माणूस मोकळा नसताना दार रुंद केलं तर आत फक्त गर्दी वाढते. आयसीएम आणि वर्क प्रोसेसमधली देवाणघेवाण मेमरी पाइपमधून होते, ती जागाही मोजकी असते. ती संपल्याची ओळ ट्रेसमध्ये दिसली, तर तेव्हा पॅरामीटरचा विचार कर, तोही दुसऱ्या दिवशी, दिवसाउजेडी.

ट्रेस म्हणजे वर्क डिरेक्टरीतली डेव्ह_आयसीएम फाईल. ती खालून वर वाच. डिस्पॅचने सांगितलेली वेळ गाठ आणि तिथली ओळ शोध. चार ओळी पाठ असू देत. ‘होस्ट अननोन’ म्हणजे पोर्टलचं नावच सापडत नाही, डीएनएस बघ. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे तिथपर्यंत पोहोचलो, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. ‘टाईमआऊट’ म्हणजे उत्तरच नाही, मध्ये फायरवॉल अडवत असेल किंवा पोर्टल दमलं असेल. ‘पीअर सर्ट अनट्रस्टेड’ म्हणजे समोरच्याने प्रमाणपत्र बदललंय आणि आपल्याकडे त्याची साखळी नाही. या चार ओळींचे उपाय चार वेगळे आहेत, आणि चारपैकी एकातही पहिला उपाय रीस्टार्ट नाही.

ट्रेसची पातळी एरवी १ असते. तीच चूक पुन्हा घडवून बघायची असेल तर २ किंवा ३ कर, एक बिल पाठवून बघ, आणि लगेच पुन्हा १ वर आण. ३ वर ठेवून झोपलीस तर सकाळी डिस्क भरलेली असेल. आणि ट्रेस रीसेट करण्याआधी फाईलची प्रत काढून ठेव. रीस्टार्टला माझा विरोध आहे त्याचं खरं कारण हेच. रीस्टार्ट केल्यावर जुना ट्रेस डॉट-ओल्ड नावाने बाजूला पडतो, आणि दुसऱ्यांदा रीस्टार्ट केला की तोही पुसला जातो. घाबरून लागोपाठ दोनदा मारला, की काय झालं होतं ते सांगणारा पुरावाच उरत नाही, आणि तेच दुखणं आठवड्याने पुन्हा दारात उभं राहतं.

आता बाहेरच्या दुखण्याकडे ये, कारण आपल्याकडे जास्त वेळा तेच असतं.

पोर्टलच पडलेलं असू शकतं. ई-वे बिल देशभर लागू व्हायचा पहिला दिवस होता १ फेब्रुवारी २०१८. त्याच दिवशी पोर्टलने मान टाकली, आणि शेवटी १ एप्रिल २०१८ पासून सुरुवात झाली. त्यानंतर यंत्रणा बरीच सुधारली, तरी गर्दीच्या दिवशी ती मंदावते. शेजारच्या दोन मिलमधल्या आपल्यासारख्या माणसांचे नंबर जवळ ठेव. त्यांचंही अडलं असेल तर आपल्या सर्व्हरला कुणाला हात लावू देऊ नकोस. पोर्टल चालतंय का हे स्वतःच्या लॅपटॉपवरून बघणंही पुरेसं नाही. तुझा लॅपटॉप वेगळ्या वाटेने जातो. एसएम५९ मध्ये त्या जोडणीची चाचणी घे, म्हणजे सर्व्हरची वाट तपासली जाईल.

पोर्टलला आपला आयपी पत्ता नोंदवलेला लागतो. जालन्यात लाईन तुटणं नवं नाही, रस्त्याचं काम निघालं की केबल जातेच. लाईन दुसऱ्या कंपनीच्या फायबरवर वळवली की बाहेर दिसणारा पत्ता बदलतो. इंटरनेट सुरू, सगळं छान, आणि पोर्टल मात्र ओळख देत नाही. नेटवर्कवाल्यांना बजावून ठेव, की लाईन बदलण्याआधी तुला सांगायचं, आणि पर्यायी लाईनचा पत्ताही आधीच नोंदवून घे.

एक गोष्ट मनावर कोरून ठेव. आयआरएन मागितला, उत्तर येण्याआधी टाईमआऊट झाला, तर आयआरएन झालाच नाही असं समजू नकोस. पोर्टलने तो दिलेला असू शकतो, फक्त उत्तर वाटेत हरवलेलं असतं. आयआरएन ६४ अक्षरांचा असतो आणि तो पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, बिलाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांवरून बनतो. म्हणून तेच बिल पुन्हा पाठवलं की ‘ड्युप्लिकेट आयआरएन’ म्हणून २१५० क्रमांकाची चूक येते. ती चूक बघून बिलिंगचा पोरगा घाबरतो, बिल रद्द करतो, नवा नंबर काढतो, आणि मग एका गाडीची दोन बिलं जीएसटीत जाऊन बसतात. तसं होऊ देऊ नकोस. आधीचा आयआरएन बिलाच्या तपशिलावरून मागवून घ्यायची सोय आहे, ती वापर. खरंच रद्द करायचं असेल तर पोर्टलवर २४ तासच मिळतात.

प्रमाणपत्रांचं कॅलेंडर भिंतीवर लाव. स्ट्रस्टमध्ये पोर्टलचं नुसतं शेवटचं प्रमाणपत्र घालून ठेवणारे बरेच आहेत, ते बदललं की यांची गाडी अडते. मूळ आणि मधलं अशी साखळी घाल. आपल्या स्वतःच्या प्रमाणपत्राची मुदत संपत आली की कळवणारा रिपोर्ट सॅपमध्ये आहे, एसएसएफ_अ‍ॅलर्ट_सर्टएक्सपायर, तो रोजच्या जॉबमध्ये लाव. हे काम वाढत जाणार आहे. जगभरच्या ब्राउझरवाल्यांनी आणि प्रमाणपत्र देणाऱ्यांनी मिळून मुदती कमी करायचं ठरवलंय : १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७ पासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७. हाताने बदलण्याचे दिवस संपत आले. प्रमाणपत्र घातल्यावर जोडणी तपास. जुन्या आवृत्तीला नवं प्रमाणपत्र रीस्टार्टशिवाय कळत नाही. तिथे रीस्टार्ट योग्य आहे, आणि तो सॉफ्ट घे. सॉफ्टमध्ये चालू विनंत्या पुऱ्या होऊन मग तो थांबतो, हार्डमध्ये मध्येच तोडतो. गुईवाल्यांना दोन्हीत काही जाणवत नाही, पण काट्यावरचं अर्धवट बिल हार्डमध्ये अडकतं आणि मग वर सांगितलेला २१५० पुढे येतो.

वीज गेल्यानंतर सर्व्हरचं घड्याळ बघ. घड्याळ मागे पडलं तर कालच मिळालेलं नवं प्रमाणपत्र त्याला ‘अजून लागू नाही’ असं वाटतं. आपल्याकडे भट्ट्यांचा भार आणि पावसाळ्यातल्या विजा, त्यामुळे हे नुसतं पुस्तकी नाही.

नजर ठेवायला महाग साधन लागत नाही. दुसऱ्या एका मशीनवरून दर पाच मिनिटांनी ‘सॅप/पब्लिक/पिंग’ला हाक मारणारी छोटी स्क्रिप्ट लाव, आणि उत्तर आलं की नाही एवढंच न लिहिता किती वेळात आलं तेही लिहून ठेव. उत्तर बंद पडण्याआधी ते मंदावतं, आणि तो मधला वेळ तुझा असतो. आयसीएमचा अ‍ॅक्सेस लॉगही आपणहून चालू होत नाही, प्रोफाईलमध्ये लावावा लागतो. तो लाव, आणि जुन्या फाईली काढून टाकणारा जॉबही लाव.

कर्नल पॅचला ‘चालतंय ना, मग कशाला’ म्हणणारे भेटतील. त्यांना फेब्रुवारी २०२२ सांग. त्या महिन्यात आयसीएममध्येच एक भोक सापडल्याचं जाहीर झालं, सीव्हीई-२०२२-२२५३६, धोक्याच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा. लॉगिनही न करता बाहेरचा माणूस एक वाकडी विनंती पाठवून दुसऱ्याच्या विनंतीत घुसू शकत होता. वेब डिस्पॅचरलाही ते लागू होतं, म्हणजे पुढे डिस्पॅचर बसवला म्हणून कुणी सुटत नव्हतं. उपाय तयार होता, पण लावला त्यांनाच उपयोगी पडला. मिलच्या मेंटेनन्सच्या दिवशी दोन तास मागून घे, मालक ऐकेल. गाड्या थांबल्यावर काय होतं ते त्याला कुणी समजावायला लागत नाही. आणि सॅपचा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा ठेवायची मागणी कुणीही केली, विक्रीचा साहेब असला तरी, ‘नाही’ म्हण आणि लेखी म्हण.

शेवटी सपोर्टला कळवायची वेळ आलीच, तर नुसतं ‘अर्जंट’ लिहून पाठवू नकोस. वेळ, नऊ आकडे, डेव्ह_आयसीएमची प्रत, एसएम५९ च्या चाचणीचा फोटो आणि त्या दिवशी काय बदललं होतं ते पाठव. बदललेलं जवळपास नेहमी काहीतरी असतं, फक्त ते दुसऱ्या खात्यात असतं. आणि दुरुस्त झालं असं वाटल्यावर काट्यावरची पहिली गाडी आयआरएन, क्यूआर, ई-वे बिल आणि गेटपास घेऊन बाहेर पडल्याचं डिस्पॅचकडून ऐकल्याशिवाय लॅपटॉप बंद करू नकोस. त्यानंतर थांबलेली बिलं एकदम पाठवायला बिलिंगला मनाई कर, दहा-दहाच्या तुकडीने सोडायला सांग, आणि रांगेचा आकडा खाली येईपर्यंत एसएमआयसीएम उघडं ठेव.