हेलेबोरच्या पाकळ्या गळत का नाहीत?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. घराच्या आधीच्या मालकांनी बागेत हेलेबोर लावली आहेत. जानेवारीत सगळी बाग ओकीबोकी असताना ती फुलतात आणि तीच फुले एप्रिलपर्यंत टिकतात. इतके दिवस पाकळ्या गळत कशा नाहीत? या झाडांची निगा कधी आणि कशी राखावी? पुण्यात आईकडे एखादे रोप लावता येईल का?
— एक वाचक

उत्तर : गळत नाहीत, कारण त्या पाकळ्या नाहीतच. कळीला झाकणारी जी निदले आपण शाळेत शिकलो, तीच इथे रंगीत होऊन उमलतात. वांग्याचा हिरवा टोप फळ धरल्यावरही सुटत नाही, तसेच हे. खऱ्या पाकळ्यांच्या मकरंद साठवणाऱ्या इवल्या नळ्या झाल्या आहेत. पुंकेसरांभोवती त्यांचे कडे दिसेल. परागण झाले की नळ्या आणि पुंकेसर झडतात. निदले मात्र राहतात, हिरवट होत जातात आणि अन्न तयार करून वाढत्या बियांना पुरवतात. म्हणून ही ‘फुले’ घाईने खुडू नका.

कडाक्याच्या थंडीत सकाळी दांडे जमिनीवर लोळलेले दिसले तरी घाबरू नका. पेशींमधले पाणी बाहेर सरकून तिथे गोठते, त्यामुळे दांडा सैल पडतो. ऊब मिळाली की पाणी परत आत जाते आणि झाड पुन्हा उभे राहते. त्याला टेकू नको, गरम पाणी तर मुळीच नको.

निगा झाडाच्या वेळापत्रकाने राखावी. तुमची झाडे बहुधा संकरित जातीची असतील; त्यांची पाने आणि फुलांचे दांडे जमिनीतून वेगवेगळे येतात. अशा झाडांची जुनी पाने डिसेंबर-जानेवारीत बुडापासून कापा. फुले मोकळी दिसतात आणि काळ्या डागांचा बुरशीरोग नव्या पानांवर जात नाही. ती पाने कंपोस्टमध्ये टाकू नका. पण पाने असलेल्या उंच दांड्याच्या टोकालाच फुले येत असतील, तर तो दांडा बहर संपल्यावरच कापा.

पानझडी झाडाखालची विरळ सावली आणि पालापाचोळ्याचे खत घातलेली, पाणी न साचणारी माती हेलेबोरला मानवते. लावताना खोडाचा गड्डा खोल पुरू नका, तो कुजतो. मुळे खोल जातात, त्यामुळे कुंडी उंच हवी. पानांच्या शिरा काळ्या पडून नवी वाढ वेडीवाकडी येऊ लागली, तर तो विषाणूरोग असू शकतो. त्यावर औषध नाही. झाड उपटून नष्ट करा.

हेलेबोर बचनागाच्या कुळातले आहे आणि त्याचे सगळे भाग विषारी आहेत. रस त्वचेला झोंबतो. हातमोजे घाला आणि लहान मुलांना जपा.

पुण्याला मात्र रोप नेऊ नका. हेलेबोरला थंड हिवाळा आणि सौम्य उन्हाळा लागतो. एप्रिल-मेच्या उन्हाचा ताप त्याला सोसवत नाही.

तुमच्या बागेत मात्र त्याला वाढू द्या. मे-जूनमध्ये शेंगा तडकल्या की ताजे बी लगेच पेरा. वाळवून ठेवलेले बी रुजायला फार वेळ घेते. ताजे बी पुढच्या हिवाळ्यात रुजते आणि रोपे साधारण तीन वर्षांत फुलतात. संकरित झाडाच्या बियांतून आईसारखाच रंग येईल असे नसते, म्हणून प्रत्येक रोप फुलेपर्यंत राखा आणि मगच ठेवायचे कोणते ते ठरवा.