ऐकून घेण्याची परीक्षा

प्रश्न : माझी भाची कॅलिफोर्नियात मानसिक आरोग्य समुपदेशक होण्याच्या खटपटीत आहे. मास्टर्स होऊन वर्ष लोटलं तरी ती अजून ‘तास भरतेय’. दुसऱ्याचं ऐकून घेण्याची परीक्षा घेतात तरी कशी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या प्रश्नातला ‘तरी’ अगदी योग्य जागी पडलाय. सर्जनच्या हाताकडे ऑपरेशन थिएटरमध्ये चार जण बघत असतात. समुपदेशकाचं काम मात्र बंद दाराआड, दोघांतच चालतं, आणि त्यातला एक जण काम पारखण्याच्या मनःस्थितीत नसतो.

म्हणून हे तास. मास्टर्सनंतर तिथल्या बोर्डाकडे ‘असोसिएट’ म्हणून नोंदणी करायची आणि सुपरवायझरच्या देखरेखीखाली किमान 3000 तास काम करायचं. त्यातले निदान 1750 प्रत्यक्ष समुपदेशनाचे हवेत. रात्रंदिवस राबून लवकर सुटावं म्हटलं तर तेही जमत नाही : आठवड्याला 40 च्या वर तास धरत नाहीत आणि 104 आठवडे भरावेच लागतात. (या व्यवसायाला परवाना देणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य व्हर्जिनिया, 1976 मध्ये. एरवी सगळ्यात पुढे मिरवणारं कॅलिफोर्निया यात पन्नासावं!)

शिवाय दोन परीक्षा. एक कायदा आणि नीतिनियमांची. दुसऱ्या परीक्षेत 11 माणसांच्या केसेस असतात. गोष्ट थोडी थोडी उलगडत जाते आणि मध्येच विचारतात, आता पुढे काय कराल? गुण 10 केसेसचेच धरतात. बिनगुणांची कोणती, ते उमेदवाराला कळत नाही. घोकंपट्टीपेक्षा हे पुष्कळ बरं. पण दिलेल्या पर्यायांतून योग्य वाक्य ओळखणं वेगळं आणि समोर कुणी हुंदके देत असताना ते सुचणं वेगळं. कधी कधी तर काहीच न बोलणं सुचावं लागतं, आणि तो पर्याय कागदावर कसा छापणार?

खरी पारख होते ती रेकॉर्डिंगवर. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1942 मध्ये आपल्या पुस्तकात एका क्लायंटबरोबरच्या आठही भेटी शब्दशः छापल्या. संभाषण ग्रामोफोनच्या तबकड्यांवर टिपलेलं होतं. तोवर आत काय घडलं याचा पुरावा म्हणजे बहुधा समुपदेशकानं मागाहून आठवून लिहिलेलं टिपण. आपलंच प्रगतिपुस्तक आपणच भरायचं, तसं.

आता क्लायंटच्या लेखी संमतीनं रेकॉर्डिंग करून सुपरवायझरसमोर लावता येतं. समजा, एक बाई म्हणतात, ‘‘घरी सगळं छान आहे... म्हणजे, तसं छानच.’’ शिकाऊ समुपदेशक लगेच फॉर्मवरच्या पुढच्या प्रश्नावर : ‘‘झोप कशी लागते?’’ सुपरवायझर तिथंच थांबवते. ‘‘त्या ‘म्हणजे’च्या आधी त्या थांबल्या होत्या. तू तेव्हा काय करत होतास?’’ तो फॉर्ममध्ये खूण करत होता. हे कुठल्याही उत्तरपत्रिकेत दिसलं नसतं.

आपल्याकडचं विचाराल, तर 1992 च्या कायद्याखालच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना नोंदणी करावी लागते. विनानोंदणी व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. दंड किती? फार तर 1000 रुपये. समुपदेशक या कायद्याच्या कक्षेत सरसकट येत नाहीत. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी 2021 मध्ये वेगळा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात समुपदेशकांचे काही प्रकार आहेत आणि परवाना परीक्षेची तरतूदही आहे. पण दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी दिसली म्हणजे आतल्या माणसाचं काम कुणी ऐकून तपासलंय, असं धरून चालू नका. पहिल्या भेटीतच विचारा, ‘‘तुमचं सुपरव्हिजन कोण करतं?’’ यात उद्धटपणा काही नाही. कसलेले समुपदेशकही सुपरव्हिजन घेतात. या प्रश्नाचा राग आला, तर उत्तर तुम्हाला मिळालंच.

आणि भाची सुट्टीत आली की परीक्षेचे मार्क विचारू नका. सुपरवायझरनं रेकॉर्डिंग कुठं थांबवलं, ते विचारा. स्वतः कुठे चुकली ते ती मोकळेपणानं सांगेल. क्लायंटबद्दल मात्र एक अक्षर बोलणार नाही. बोललीच, तर 3000 तास पुन्हा पहिल्यापासून भरायला लावा.